दीड वितीचे पहारेकरी

जबलपुरातल्या पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात भुंकण्याची तक्रार कधीच पहिली येत नाही. आधी लस. मग गोचिड, मग 'दोन दिवसांपासून नीट जेवत नाही'. कुत्रं टेबलावरून खाली उतरलं, पैसे देऊन झाले, दार अर्धं उघडलं, की मालक थबकतो. "आणि मॅडम, हा भुंकतो फार. याच्यावर काही गोळी असते का?" मराठी घरातली आजी असली तर सरळ बाकावर बसकण मारते. "काय सांगू डॉक्टरबाई, दिवसभर चिल्लावतो हो. शेजारचे आता बोलेनासे झालेत."

डॉक्टरबाई तेव्हा पेन खाली ठेवतात. त्यांच्या मते खरी तपासणी तिथून सुरू होते.

बाईंचं घराणं जबलपूरचंच म्हणायला हवं. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती, तेव्हा नोकरीनिमित्त आजोबा इकडे आले आणि 1956 मध्ये राज्यांच्या सीमा बदलल्या तरी इथेच राहिले. गोलबाजारच्या आसपास अशी मराठी घरं अजून बरीच सापडतात. पशुवैद्यकीचं शिक्षणही बाईंनी याच गावात घेतलं. इथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1948 सालचं. 2009 मध्ये राज्याचं पशुवैद्यकीय विद्यापीठ झालं आणि पुढे त्याला नानाजी देशमुखांचं, म्हणजे हिंगोलीजवळच्या कडोळीच्या माणसाचं नाव मिळालं. अभ्यासक्रमाचा जीव गाई-म्हशी, शेळ्या आणि कोंबड्यांत. कासदाह कसा ओळखावा, अडलेली म्हैस कशी सोडवावी, हे बाई झोपेतही सांगतील. चार किलोचा शिह त्झू दुपारभर का ओरडतो, हे मात्र त्यांना दवाखाना उघडल्यावर, माणसांच्या घरात जाऊन शिकावं लागलं.

घरात जाणं हाच त्यातला मुख्य भाग. टेबलावर कुत्रं भुंकत नाही, ते घाबरून गप्प असतं. भुंकतं ते घरात, आणि उत्तरही बहुतेक वेळा घरातच पडलेलं असतं.

जबलपूर हे कारखान्यांचं आणि छावणीचं गाव. गन कॅरेज फॅक्टरी, व्हेइकल फॅक्टरी, खमरियाची आयुध निर्माणी. त्यांचे बंगले, क्वार्टर्स, सदरच्या छावणीतले ऐसपैस आवार. अशा आवारात अल्सेशियन नाहीतर लॅब्राडोर असे. विजयनगरसारख्या वस्त्यांत इमारती उभ्या राहिल्या तशी कुत्रीही आकसली. 'हम आपके हैं कौन' 1994 मध्ये आला आणि त्यातल्या टफीने पांढऱ्या झुपकेदार कुत्र्याला घराघरांत नेलं. लोक त्याला पॉमेरियन म्हणतात. खरं तर तो इंडियन स्पिट्झ. 2003 च्या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने पग आणला. त्यानंतर ल्हासा आप्सो, शिह त्झू, डॅशहुंड. 'फ्लॅटला छोटंच बरं' हे वाक्य बाईंनी इतक्यांदा ऐकलंय की त्या आता उलट विचारतात, "छोटं म्हणजे शांत, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

कारण यातल्या बऱ्याच जाती भुंकण्यासाठीच जपल्या गेल्या. ल्हासा आप्सो हा तिबेटच्या मठांतला आतल्या दालनांचा राखणदार. बाहेर दांडगा मॅस्टिफ बांधलेला, आत हा: अनोळखी पाऊल वाजलं की कल्ला करायचा, बाकीचं मोठा बघून घेईल. डॅशहुंड जर्मनीत बिजूच्या बिळात शिरायचा. जमिनीखालून त्याचा आवाज आला तरच वर उभ्या शिकाऱ्याला कळे, कुदळ कुठे मारायची ते. म्हणून एवढ्याशा देहाच्या मानाने त्याची छाती खोल आणि आवाज भारदस्त. स्पिट्झ मंडळी उत्तरेकडच्या वस्त्यांची जागली करणारी. अशा प्राण्याला सहाव्या मजल्यावर आणून ठेवायचं, खिडकीखालून दिवसभर ठेलेवाले जाऊ द्यायचे आणि वर त्याने मौन पाळावं अशी अपेक्षा धरायची, याला बाई 'हवालदाराला गस्तीवर नेमून शिट्टी काढून घेणं' म्हणतात.

जंगलातले त्यांचे नातेवाईक असे नाहीत. जबलपूरच्या वायव्येला नौरादेहीचं रान आहे. 2023 मध्ये ते वीरांगना दुर्गावती व्याघ्र प्रकल्पात गेलं, पण त्याची जुनी ओळख लांडग्यांचं जंगल अशी. मोठा झालेला लांडगा क्वचितच भुंकतो. गुहेजवळ कोणी आलं तर इशाऱ्यापुरता एखादा 'वुफ', बाकी कारभार गुरगुरणं आणि हुकी देणं यांवर. इकडे कान्हातले कोळसून तर शीळ घालून एकमेकांना हाका मारतात. एवढं भुंकणं आलं ते माणसाच्या सोबतीनं. रशियात नोवोसिबिर्स्कला 1959 पासून रुपेरी कोल्ह्यांवर एक लांबलचक प्रयोग चालला. पिढ्यान् पिढ्या केवळ सर्वांत माणसाळू पिल्लं निवडत गेले, तर कोल्हे शेपट्या हलवू लागलेच, पण माणूस दिसला की वेगवेगळे आवाजही काढू लागले. आपण हजारो वर्षं आपल्याशी बोलणारा प्राणी निवडला आणि आता तो फार बोलतो म्हणून तक्रार करतो आहोत, असं बाईंना गमतीने वाटतं. मालकापुढे त्या ते म्हणत नाहीत. त्याची झोप झालेली नसते.

त्या म्हणतात, "मोबाइलवर आवाज भरून आणा."

हे त्यांनी एका वाचनातून उचललं. अमेरिकेतल्या डेव्हिस इथल्या पशुवैद्य सोफिया यिन यांनी दहा कुत्र्यांच्या भुंकण्याच्या 4,672 नोंदी तपासल्या आणि 2004 मध्ये निष्कर्ष छापले. दाराची बेल वाजल्यावरचं भुंकणं खालच्या पट्टीतलं, खरखरीत आणि सलग. एकटं कोंडल्यावरचं उंच, सुटं सुटं. खेळतानाचंही उंच, पण चढउताराचं. हंगेरीतल्या संशोधकांनी पुढच्याच वर्षी मुडी जातीच्या मेंढपाळी कुत्र्यांचे आवाज माणसांना ऐकवले. ज्यांनी आयुष्यात कुत्रं पाळलं नव्हतं त्यांनाही कुठला आवाज कशाचा हे बऱ्यापैकी ओळखता आलं. म्हणजे कान आपल्यापाशी असतो, आपण तो लावत नाही. बाईंच्या दवाखान्यात मालक स्वतःच्याच कुत्र्याचं रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकतात, आणि त्यातले काही जण अर्ध्यावरच म्हणतात, "अरे, हा तर घाबरलेला वाटतोय."

नेपियर टाऊनमधलं एक घर बाई नेहमी उदाहरण म्हणून सांगतात. पहिला मजला, रस्त्याकडे मोठी खिडकी, सेवानिवृत्त आजोबा, आजी आणि बंटी नावाचा पांढरा स्पिट्झ. तक्रार अशी की तो सकाळी सहाला सुरू होतो आणि दुपारच्या वामकुक्षीचीही गय करत नाही. आजोबांनी वर्तमानपत्राची गुंडाळी करून टेबलावर आपटून पाहिली होती. पाणी उडवून झालं होतं. 'चूप!' तर घरात इतक्यांदा ओरडलं जाई की समोरच्या घरातल्या पोपटाने तो शब्द उचलला, असं आजी सांगतात. पोपटाचं खरंखोटं बाईंनी तपासलं नाही.

बाई जाऊन नुसत्या बसल्या. चहा घेतला. बंटी सोफ्याच्या पाठीवर, बरोबर मधल्या उंचवट्यावर बसलेला. तिथलं रेक्झिन त्याच्या पंजांनी सोलून निघालेलं, आणि खिडकीच्या काचेवर खालच्या अंगाला नाकाच्या ठशांची एक धूसर पट्टी उमटलेली. खालून भाजीचा ठेला आला. बंटी उठला, कान पुढे, शेपूट ताठ, आणि सुरू. ठेलेवाला आपला 'आलू-गोभी' करत पुढे गेला, कारण त्याला पुढेच जायचं होतं. बंटीच्या हिशेबात मात्र तो पळाला. मग सायकलवाला पळाला. मग रिक्षा पळाली. दिवसभरात शेकडो शत्रूंना हाकलून लावणारा हा प्राणी संध्याकाळी थकलेला आणि विजयी असायचा. दुसऱ्या दिवशी त्याने हे काम का सोडावं?

आतून त्याला आणखी दोन प्रकारची मजुरी मिळत होती. आजोबा ओरडत, तेव्हा त्याला वाटे की मालकही सोबत भुंकतायत, प्रकरण गंभीर आहे. आणि आजी, आजोबांचा आवाज चढला की घाईने डब्यातून मारी बिस्किट काढत. "घे रे बाबा, गप बस एकदाचा." बिस्किट तोंडात असेपर्यंत शांतता. बंटीने शिकलेला धडा सरळ होता: भुंकलं की बिस्किट. त्यातही आजी कधी देत, कधी चिडून देत नसत. आणि कधी मिळेल कधी नाही अशी मजुरी तर सवय आणखी पक्की करते. जुगार सुटत नाही तो याच कारणाने. एका रविवारी जावयांनी कमानिया गेटकडून खोव्याची जलेबी आणली होती, तिचाही तुकडा या खात्यात जमा झालेला होता.

बाईंनी पहिल्या दिवशी कुत्र्याला काहीच शिकवलं नाही. त्यांनी सोफा हलवायला सांगितला. आजोबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तो सोफा त्या भिंतीला वर्षानुवर्षं होता. शेवटी तो आतल्या भिंतीला गेला, आणि खिडकीच्या खालच्या दोन फुटांना आधी वर्तमानपत्र, मग ते चालतंय असं दिसल्यावर दुधी रंगाची चिकटपट्टी लागली. उजेड येतो, रस्ता दिसत नाही. बंटीच्या एकूण भुंकण्यातला मोठा वाटा एवढ्यानेच संपला. आजोबांना यात जरा फसवल्यासारखं वाटलं. पैसे डॉक्टरला दिले आणि उपाय सुताराचा निघाला, असं ते म्हणाले.

उरली ती दाराची बेल. तिचा आवाज बदलला, कारण जुन्या 'टिंगटाँग'शी अनेक वर्षांचा गोंधळ जोडलेला होता. नातवाला जिन्यात उभं करून नवी बेल वाजवायची, आणि बंटी तोंड उघडायच्या आत आतल्या खोलीतल्या सतरंजीवर उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे टाकायचे. दार उघडायचंच नाही. पाहुणा नाही, धावपळ नाही, फक्त बेल आणि चिकन. हे दिवसातून काही वेळा, दोन-दोन मिनिटं. ब्राह्मणी घर, चिकनचा प्रश्न आला. तो पनीरवर मिटला. पुढे खऱ्या पाहुण्यांच्या वेळीही बंटी एकदोनदा भुंकून सतरंजीकडे धावू लागला. एकदोनदा भुंकू द्यावं, असं बाई आवर्जून सांगतात. घरात कोणी आल्याचं त्याने कळवलं, 'बरं, कळलं' म्हणून आपण ते स्वीकारलं, आणि मग थांबल्याचं बक्षीस. सगळ्यात अवघड गोष्ट आजींना शिकवायची होती: बिस्किट आवाज चालू असताना द्यायचं नाही, दोन भुंकण्यांमधल्या फटीत द्यायचं. फट सुरुवातीला एका श्वासाएवढी असते. ती पकडायला नजर लागते, आणि आजींची नजर विणकामाने तयार होती.

पहिल्या आठवड्यात बंटी वाढीव भुंकला. असं होतंच. नेहमीची मजुरी एकाएकी बंद झाली की प्राणी आधी जोर लावून पाहतो, आणि नेमकं याच टप्प्यावर बहुतेक घरं हार मानून बिस्किट देतात. मग तो वाढीव जोर हाच नवा दर ठरतो. म्हणून बाई शेजाऱ्यांनाही आधी सांगून ठेवायला लावतात: आठ-दहा दिवस त्रास होईल, नंतर उतरेल.

सगळं भुंकणं असं मजुरीवरचं नसतं, आणि इथेच घरगुती सल्ले उलटतात. 2020 च्या टाळेबंदीत जबलपुरात छोट्या पिल्लांना मागणी वाढली. घरात माणसं चोवीस तास. ती पिल्लं मोठी झाली आणि कार्यालयं उघडली. अशाच एका शिह त्झूबद्दल तक्रार होती की तो 'मुद्दाम सूड घेतो': दारावर ओरखडे, उशी फाडलेली, आणि शेजारी म्हणत दिवसभर रडतो. बाईंनी जुना मोबाइल पुस्तकांच्या कपाटावर उभा करून चित्रण करायला सांगितलं. कुलूप लागल्याचा आवाज आला आणि काही मिनिटांतच तो दार ते पलंग, पलंग ते दार अशा येरझारा घालू लागला. तोंडातून लाळ. वाटीतलं खाणं तसंच. मग उंच, सुटं सुटं भुंकणं, मधून हुकी. मालकीणबाई ते बघून दवाखान्यातच रडल्या.

हा सूड नाही, घबराट आहे. तिथे शिक्षा केली तर घबराटीला कारण मिळतं आणि 'दुर्लक्ष करा' म्हटलं तर ती वाढते. उपचार कंटाळवाणा आहे. किल्ली उचलायची आणि पुन्हा बसायचं. चप्पल घालायची आणि कुठेच जायचं नाही. दाराबाहेर पाच सेकंद, मग दहा. तो घाबरायच्या आत परत. मधल्या काळात त्याला खरोखर एकटं ठेवायचं नाही, नाहीतर केलेलं धुऊन निघतं. काही कुत्र्यांना औषधही लागतं. फ्लुओक्सेटीनला अमेरिकेत कुत्र्यांच्या या विकारासाठी 2007 पासून मान्यता आहे, पण ते पशुवैद्याने मात्रा ठरवूनच द्यायचं, घरातल्या कुणाच्या पाकिटातून नाही. या घराने शेवटी वेगळाच मार्ग काढला. सकाळी ऑफिसला जाताना त्याला गढ्याला आजोळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. बाईंना तोही उपचारच वाटतो. सगळ्या गोष्टी प्रशिक्षणाने सोडवल्याच पाहिजेत असं नाही, काही सोयीने सुटतात.

व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी साडेबाराशेहून अधिक कुत्रामालकांना प्रश्न विचारून 2010 मध्ये एक अभ्यास छापला. छोटी कुत्री कमी आज्ञाधारक, जास्त उत्तेजित आणि जास्त घाबरट आढळली. त्याबरोबर हेही दिसलं की छोट्या कुत्र्यांचे मालक नियमांत कमी सातत्य ठेवतात, त्यांच्याशी कमी खेळतात, त्यांना कमी शिकवतात. आणि छोट्या कुत्र्यांत शिक्षेचं प्रमाण वाढलं तशी भीतीही वाढलेली दिसली. बाईंच्या अनुभवाला हा अभ्यास तंतोतंत बसतो. लॅब्राडोर अंगावर उडी मारायला लागला की घर ताबडतोब प्रशिक्षक शोधतं. चिमुकलं पॉम दात दाखवून गुरगुरलं की मोबाइल काढून व्हिडिओ करतात. त्याने भीतीपोटी काढलेला प्रत्येक आवाज 'किती गोड' या सदरात जमा होतो, तो आवाज शेजारच्यांच्या भिंतीपलीकडे जाईपर्यंत. शिवाय त्याला फिरवायचीही गरज वाटत नाही; 'एवढंसं तर आहे, घरातच पळतं की'. त्याचं नाक मोठ्या कुत्र्याइतकंच भुकेलं असतं, हे कुणी ध्यानात घेत नाही. बाई औषधाच्या चिठ्ठीवर सरळ लिहून देतात: सकाळी अर्धा तास वास घेऊ देणे. ओढायचं नाही, खांबापाशी थांबला तर थांबायचं. रिज रोडला पहाटे व्यायामाला जाणाऱ्यांना हे थांबणं झेपत नाही, त्यांचं घड्याळ पावलं मोजत असतं. मे महिन्यात तर सूर्य वर यायच्या आत हे उरकावं लागतं. इथला डांबरी रस्ता नऊ वाजता पंजे भाजतो.

जबलपूरचे म्हणून काही आवाज आहेत. खमरियाच्या लाँग प्रूफ रेंजवर तोफांची चाचणी असली की दूरवर धडाड् ऐकू येतो. तिकडच्या वस्तीतल्या माणसांना त्याचं काही वाटत नाही, कारखान्याच्या भोंग्यासारखं तेही अंगवळणी पडलेलं. रांझीकडच्या एका डॅशहुंडला मात्र ते कधीच पडलं नाही. आवाज झाला की तो पलंगाखाली, आणि तिथून थरथरत भुंकणं. हेलसिंकी विद्यापीठाच्या 2020 च्या पाहणीत 13,700 फिनिश कुत्र्यांपैकी सुमारे एक तृतीयांश कुत्री आवाजाला घाबरणारी निघाली. फिनलंडसारख्या निवांत देशात ही स्थिती, तर दसऱ्याच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती चालवणाऱ्या आमच्या गावात काय असेल, असं बाई विचारतात. तोफेची वेळ ठरलेली नाही आणि तिचा आवाज कमीजास्त करता येत नाही, म्हणून या डॅशहुंडवरचा इलाज अर्धाच लागू पडला. पलंगाखालची त्याची जागा गाद्या लावून आणखी आडोशाची केली, पंखा आणि टीव्ही चालू ठेवायचा, आवाज झाला की लगेच खाऊ. कुरवाळल्याने भीती 'वाढते' हा समज बाई खोडून काढतात. घाबरलेल्याला जवळ घेतलं म्हणून तो जास्त घाबरायचं ठरवत नाही.

कचरागाडीवर मात्र पुरता इलाज चालला. सकाळची कचरागाडी गाणं वाजवत येते. हे गाणं देशभर पोहोचलं, पण गायक शेजारचे: मंडल्याचे शिक्षक श्याम बैरागी. त्या चालीवर गल्लीतली कुत्री हुकी देतात आणि घरातली त्यांना साथ. ही अडचण सुटायला सोपी, कारण गाणं मोबाइलवर मिळतं. आधी अगदी हलक्या आवाजात, इतक्या की कुत्र्याने फक्त कान हलवावा, सोबत पनीर. रोज किंचित वाढवत न्यायचं. तो भुंकला तर समजायचं आपण घाई केली, पुन्हा मागे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काही कुत्री गाणं लागताच स्वयंपाकघराकडे पळू लागतात. एका मालकाने यावर तक्रारही केली, की आता कचरा टाकायला उठायचं राहून जातं. पूर्वी हाच उठवायचा.

या सगळ्याआधी बाई एक गोष्ट करतात, तिला वगळून चालत नाही: तोंड उघडून पाहणं, गुडघे चाचपणं, कान तपासणं. छोट्या जातींत दातांवर कीटण लवकर चढतं, हिरड्या सुजतात. मागच्या पायाची वाटी सरकणं त्यांच्यात नेहमीचं. दुखणाऱ्या कुत्र्याचा राग लवकर वर येतो. पॉम आणि यॉर्कशायरसारख्यांची श्वासनलिका नाजूक असते. गळपट्टा ओढून 'गप!' केलं की भुंकणं थांबतं आणि हंसाच्या कर्कश आवाजासारखा खोकला सुरू होतो. त्यांना गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा. आणि म्हातारा पॉम रात्री दोनला भिंतीकडे तोंड करून भुंकत असेल तर त्याला शिस्त लावू नये. ऐकू कमी येतं, दिसत नाही, दिवसरात्र उलटते, मेंदू थकतो. माणसांत आजोबांचं होतं तसंच. रात्रीचा मंद दिवा आणि पशुवैद्याकडची तपासणी, यांपैकी काहीतरी उपयोगी पडतं.

ऑनलाइन मागवलेले विजेचे पट्टे बाईंच्या टेबलावर अधूनमधून येतात. भुंकलं की मानेला झटका. वेल्सने 2010 मध्ये अशा पट्ट्यांवर बंदी आणली. आपल्याकडे ते राजरोस मिळतात आणि 'सुरक्षित' असं छापून येतात. बाईंचा आक्षेप भावनेचा कमी, हिशेबाचा जास्त आहे: कुत्रं समोरच्या बाळाकडे पाहून भुंकलं आणि झटका बसला, तर ते झटक्याचा संबंध स्वतःच्या आवाजाशी लावेल की बाळाशी? आवाज बंद होतो, भीती आत राहते, आणि पुढच्या वेळी इशारा न देता चावा येतो. स्वरयंत्र कापून घेण्याची विचारणाही झालेली आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अंगविच्छेद हा गुन्हा आहे, एवढं सांगून त्या विषय संपवतात.

कायद्याची दुसरी बाजू शेजाऱ्यांची. प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की भुंकणं ही कुत्र्याची नैसर्गिक अभिव्यक्ती आहे, ते समाजाने सहन करावं. त्याच सूचना मालकांना सांगतात की सततच्या भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होतो, रात्री तरी कुत्रं शांत राहील असं पाहा. मालक पहिलं वाक्य छापून लिफ्टमध्ये चिकटवतात, सोसायटीचे सचिव दुसरं. विजयनगरच्या एका इमारतीत या दोन कागदांवरून दोन मजल्यांत बोलणं बंद झालं. खालच्या मजल्यावर एका निवृत्त रेल्वे अधिकाऱ्यांचं घर, वर ल्हासा आप्सो. ते रोज जिना चढून दार ठोठावत आणि ओरडत, त्यामुळे ल्हासाच्या लेखी या इमारतीतला पक्का चोर तेच होते.

बाईंनी त्यांनाच उपचारात घेतलं. त्यांना पनीरची पुडी दिली आणि सांगितलं, दार ठोठावू नका. उंबऱ्याबाहेर थांबा, कुत्र्याकडे बघू नका, तुकडा आत सरकवा आणि निघून जा. साहेब आधी चिडले. "मी तक्रार करायची आणि मीच खायला घालायचं?" मग बायकोच्या सांगण्यावरून तयार झाले. महिन्याभरात ल्हासा त्यांच्या पावलांवर भुंकायचा थांबला, दाराशी येऊन शेपूट हलवू लागला. इतरांवर तो अजून भुंकतो, पण थोडकं. साहेबांनी सोसायटीकडे केलेला तक्रारीचा अर्ज मागे घेतला. आता त्यांचा नवा अर्ज आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या मिक्सरबद्दल, आणि त्यावर बाईंचं मत विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी तो आपल्या शाखेचा विषय नसल्याचं कळवलं.